सगळ्या वर्गाने एकच चुकीचं स्ट्रक्चर काढलं : एमएस्सीला एनएमआर शिकवतानाचं एक प्रकरण

हे प्रकरण एका कॉलेजच्या केमिस्ट्री विभागातलं आहे. गाव, कॉलेज, माणसं यांची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. मी त्या विभागात फिजिकल केमिस्ट्री शिकवतो. एनएमआर म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूतल्या हायड्रोजन, कार्बनसारख्या अणूंच्या केंद्रकांचा सिग्नल मोजून रेणूची रचना ओळखायची पद्धत. एनएमआरची थिअरी, म्हणजे स्पिन, लार्मर फ्रिक्वेन्सी, रिलॅक्सेशन हा भाग माझ्याकडे असतो आणि स्पेक्ट्रम वाचून स्ट्रक्चर काढायचा पेपर ऑरगॅनिकच्या मॅडमकडे. पुढचं सगळं मी त्यांच्या वर्गात मागे बसून पाहिलेलं आहे, त्यांच्याच सांगण्यावरून.

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावचं कॉलेज, ऑरगॅनिकचं एमएस्सी चालतं, मुलं आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येणारी. एनएमआर मशीन आमच्याकडे नाही आणि येण्याची शक्यताही नाही, कारण मशीन घेऊन भागत नाही, त्याचा सुपरकंडक्टिंग मॅग्नेट थंड ठेवायला लिक्विड हीलियम भरत राहावं लागतं आणि तो खर्च दरवर्षीचा असतो. प्रोजेक्टची सॅम्पल्स युनिव्हर्सिटीच्या फॅसिलिटीला जातात आणि काही आठवड्यांनी पीडीएफ येते. म्हणजे बहुतेक मुलांनी एनएमआर ट्यूब हातात घेतलेली नसते, त्यांच्यासाठी एनएमआर म्हणजे कागदावरची एक रेघ आणि तिच्यावरचे खांब, म्हणजे पीक.

बीएस्सीतून येताना मुलं दोन गोष्टी घेऊन येतात. एक एन-प्लस-वन रूल, म्हणजे शेजारच्या कार्बनवर एन हायड्रोजन असतील तर पीक एन अधिक एक रेघांत फुटतो. दुसरा शिफ्टचा तक्ता, म्हणजे कुठल्या प्रकारचा प्रोटॉन (हायड्रोजन) पीपीएमच्या पट्टीवर कुठे दिसतो. तक्ता पाठ असतो, अगदी झोपेतून उठवून विचारलं तरी अ‍ॅल्डिहाइडचा प्रोटॉन नऊ ते दहा, मिथॉक्सी ३.७, अ‍ॅसिटाइल २.१ हे सांगतील. त्यातले बरेचसे नेट-सेटची तयारी करत असतात, त्यामुळे ‘हे दिसलं की हे’ अशा ट्रिक्सही भरपूर जमा असतात.

मॅडम सिंथेसिसमध्ये पीएचडी केलेल्या, रोज एनएमआर बघत मोठ्या झालेल्या. स्पेक्ट्रम समोर आला की दहा सेकंदांत सांगतात काय आहे ते. मला वाटतं पुढच्या सगळ्या अडचणीचं मूळ थोडं इथेही आहे, कारण ज्याला एका नजरेत दिसतं त्याच्या डोक्यात मधल्या पायऱ्या इतक्या पटकन होतात की त्या फळ्यावर येतच नाहीत. मुलांना दिसतं ते एवढंच की मॅडमनी एका पीकवर बोट ठेवलं आणि स्ट्रक्चर काढलं.

अडचण

तिसऱ्या सेमिस्टरच्या इंटर्नल टेस्टला एक प्रॉब्लेम होता. मॉलिक्युलर फॉर्म्युला सी१०एच१२ओ२. प्रोटॉन एनएमआरमध्ये १.१६ ला ट्रिपलेट (तीन रेघांत फुटलेला पीक), तीन प्रोटॉन. २.३७ ला क्वार्टेट (चार रेघांचा), दोन प्रोटॉन. ५.११ ला सिंगलेट (न फुटलेला), दोन प्रोटॉन. ७.३५ च्या आसपास मल्टिप्लेट (अनेक रेघांचा गुंता), पाच प्रोटॉन. उत्तर बेंझाइल प्रोपिओनेट.

वर्गातल्या बहुतेकांनी इथाइल फिनाइलअ‍ॅसिटेट काढलं.

आता चुका होतातच, त्याचं काही नाही. पण चुका विखुरलेल्या असतात, कुणी काय लिहितं कुणी काय. इथे जवळपास सगळा वर्ग एकाच चुकीच्या दाराने आत गेला होता आणि कॉपी झालेली नव्हती, कारण पेपरांतली कच्ची कामं वेगवेगळी होती. मॅडम म्हणाल्या, हे तर मीच शिकवलेलं दिसतंय, कारण एवढी एकसारखी चूक मुलं आपापली करूच शकत नाहीत.

त्यांनी मुलांना एकेक करून बोलावलं, पेपर समोर ठेवला आणि फक्त विचारलं की कसं काढलंस ते सांग. रागावणं नाही, दुरुस्त करणं नाही. मी बाजूला बसून लिहून घेत होतो. एका मुलीशी झालेलं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं देतो, कारण बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने हेच होतं. (यातला डीबीई म्हणजे फॉर्म्युल्यावरून काढलेली रिंग आणि डबल बाँड यांची एकूण संख्या, अपफिल्ड म्हणजे कमी पीपीएमकडे आणि डाउनफिल्ड म्हणजे जास्त पीपीएमकडे.)

“मॅडम, डीबीई पाच आला. चार बेंझिनचे, राहिला एक, ऑक्सिजन दोन आहेत म्हणजे एस्टर. ट्रिपलेट-क्वार्टेट दिसलं म्हणजे इथाइल. म्हणजे इथाइल एस्टर.”

“ओ-सीएचटू कुठे येतो गं?”

“४.१, ४.२ ला.”

“मग तुझा क्वार्टेट कुठे आहे?”

“२.३७ ला... थोडा अपफिल्ड शिफ्ट झाला असेल ना मॅडम.”

“आणि ५.११ चा सिंगलेट?”

“तो फिनाइल आणि कार्बोनिलच्या मध्ये आहे ना, म्हणून डाउनफिल्ड गेला.”

या बोलण्यात सगळं आहे. मुलीला ओ-सीएचटू ४.१ ला येतो हे माहीत होतं, विचारल्याबरोबर सांगितलं. डीबीई बरोबर काढला. म्हणजे माहिती कमी पडली असं म्हणताच येत नाही. झालं असं की तिने दुसऱ्याच मिनिटाला स्ट्रक्चर ठरवून टाकलं आणि त्यानंतर राहिलेले पीक पुरावा म्हणून पाहिलेच नाहीत, ते ठरलेल्या स्ट्रक्चरमध्ये बसवायची अडचण म्हणून पाहिले. एक पीक दोन पीपीएम अपफिल्ड, दुसरा दीड पीपीएम डाउनफिल्ड, दोन्हीला काहीतरी कारण देऊन मोकळं.

का ठरवून टाकलं हेही कळलं. प्रॉब्लेमच्या पुस्तकांत आणि जुन्या पेपरांत ट्रिपलेट-क्वार्टेट असला की इतक्या वेळा इथाइल एस्टर निघतो की मुलांच्या डोक्यात तो शॉर्टकट पक्का बसलेला असतो. आणि तो बऱ्याचदा चालतो, हाच त्याचा धोका आहे.

दुसरी एक गोष्ट मला थिअरीवाला म्हणून खटकली. ‘डिशिल्डिंग’, म्हणजे भोवतालचं इलेक्ट्रॉनचं आवरण कमी झाल्याने पीक डाउनफिल्ड जाणं, हा शब्द मुलं कुठलाही पीक कुठेही नेण्यासाठी वापरत होती. किती शिफ्ट झाला, एवढा होऊ शकतो का, हा प्रश्नच नाही. फिनाइल (बेंझिनची रिंग) आणि कार्बोनिल (सी-डबल-बाँड-ओ) दोन्हीच्या मध्ये असलेला सीएचटू ३.६ च्या आसपास येतो, ५.१ ला पोचायला ऑक्सिजन चिकटलेला लागतो. दिशा बरोबर आणि अंतर चूक असेल तर ते कारण म्हणून धरता येत नाही.

समोर असलेले पर्याय

विभागात यावर बसलो तेव्हा हेड सर, मॅडम आणि मी असे तिघं होतो.

पहिला पर्याय होता थिअरी पुन्हा घ्यायची, शिल्डिंग, अ‍ॅनिसोट्रॉपी सगळं नव्याने. हा मीच सुचवायला हवा होता, पण त्या मुलीचं बोलणं ऐकल्यावर मला त्यात अर्थ वाटेना. तिला माहीत होतं की.

दुसरा पर्याय सरांचा. “मॅडम, तुम्ही प्रॉब्लेम वाढवा. रोज पाच द्या, मागचे सगळे पेपर सोडवून घ्या, हात बसतो आपोआप.” यात तथ्य नाही असं नाही, एनएमआर वाचायला सरावाशिवाय येत नाही. पण मॅडमचं म्हणणं, याच सरावाने तर शॉर्टकट घट्ट झालाय, त्याच पद्धतीचे आणखी शंभर प्रॉब्लेम दिले तर तो आणखी घट्ट होईल.

तिसरा पर्याय सॉफ्टवेअरचा. केमड्रॉसारख्या सॉफ्टवेअरमध्ये स्ट्रक्चर काढलं की अंदाजे शिफ्ट मिळतात, आणि जपानच्या एआयएसटी संस्थेचा एसडीबीएस डेटाबेस फुकट आहे, त्यात हजारो कंपाउंडचे खरे स्पेक्ट्रम बघायला मिळतात. मुलं मोबाइलवरसुद्धा उघडू शकतात. भीती एवढीच की आधीच हातात दिलं तर विचार करायची गरजच उरत नाही.

चौथा पर्याय मॅडमचा, उलट्या बाजूने जायचं. स्पेक्ट्रम देऊन स्ट्रक्चर विचारण्याऐवजी स्ट्रक्चर देऊन स्पेक्ट्रम काढायला लावायचा, आणि एक नाही तर एकाच फॉर्म्युल्याची तीन-चार स्ट्रक्चर्स शेजारी ठेवून. आणि मुलांनी उत्तर काय हे सांगण्याआधी बाकीची उमेदवार स्ट्रक्चर्स कोणत्या पीकमुळे बाद झाली ते लिहायचं.

खरी ओढाताण वेळेवरून झाली. टूडी एनएमआर, म्हणजे कुठला अणू कुठल्या अणूच्या जवळ जोडलाय ते ठिपक्यांच्या नकाशावर दाखवणारे कॉझी, एचएसक्यूसी, एचएमबीसी हे प्रयोग, अजून शिकवायचं राहिलं होतं आणि युनिव्हर्सिटीच्या पेपरला त्यावर प्रश्न येतो. सरांचं म्हणणं सरळ होतं, सिलॅबस पूर्ण झाला नाही तर उद्या मुलं आणि पालक आपल्याला विचारतील, तुमच्या पद्धतीला नाही. मॅडम म्हणाल्या, सर, ज्याला वनडीमध्ये उमेदवार बाद करता येत नाही तो एचएमबीसीचे ठिपके बघूनही तेच करणार, आधी ठरवणार आणि मग ठिपके बसवणार. शेवटी टूडीचे काही तास कापायचे असं ठरलं, सरांनी नाइलाजाने हो म्हटलं. हा निर्णय पुढे आम्हाला जड गेला, ते खाली येईलच.

काय केलं

पहिल्या तासाला मॅडमनी दोन स्पेक्ट्रम वाटले, नाव नाही, फॉर्म्युला एकच, सी४एच८ओ२. एकात १.२६ ला ट्रिपलेट, २.०४ ला सिंगलेट, ४.१२ ला क्वार्टेट. दुसऱ्यात १.१४ ला ट्रिपलेट, २.३२ ला क्वार्टेट, ३.६७ ला सिंगलेट. दोन्हीकडे इंटिग्रेशन, म्हणजे पीकच्या क्षेत्रफळावरून निघणारं प्रोटॉनचं प्रमाण, ट्रिपलेट तीन, क्वार्टेट दोन, सिंगलेट तीन. एक इथाइल अ‍ॅसिटेट, दुसरं मिथाइल प्रोपिओनेट. स्प्लिटिंग सारखं, प्रोटॉन सारखे, फरक फक्त जागेचा. ज्या मुलांनी दोन्हीला इथाइल अ‍ॅसिटेट लिहिलं त्यांना स्वतःच कळलं की दोन वेगळे कागद एकाच कंपाउंडचे असू शकत नाहीत. मॅडमना एक शब्दही बोलावा लागला नाही.

मग एक नियम आला, आणि तो परीक्षेपर्यंत मोडू दिला नाही. स्ट्रक्चर काढायचं नाही. आधी डीबीई, मग इंटिग्रेशनची बेरीज फॉर्म्युल्यातल्या हायड्रोजनशी जुळते का, मग तुकडे, म्हणजे नुसते सीएचथ्री-सीएचटू, वेगळा पडलेला सीएचटू, सी६एच५. प्रत्येक तुकड्यापुढे त्याच्या शेजारी काय असू शकतं ते शिफ्टवरून. इथाइल म्हटलं तर तो कशाला जोडलेला इथाइल हे लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. मॅडमचं वाक्य होतं, “आधी पंचनामा, मग आरोपी.” ते पोरांच्या इतकं तोंडात बसलं की कुणी घाईने स्ट्रक्चर काढायला लागला की शेजारचाच म्हणायचा, पंचनामा झाला का रे?

माझ्या मते सगळ्यात मोलाचा होता तो चार आयसोमरचा, म्हणजे एकाच फॉर्म्युल्याच्या चार वेगळ्या स्ट्रक्चर्सचा तास. टेस्टमधलाच फॉर्म्युला परत घेतला, सी१०एच१२ओ२, आणि विचारलं की फिनाइल, वेगळा सीएचटू, इथाइल आणि सी-डबल-बाँड-ओ, आणि उरलेला एक ऑक्सिजन, हे तुकडे किती प्रकारे जोडता येतील ते सांगा. जोड्यांमध्ये बसवलं. आधी सगळ्यांना दोनच सुचले, इथाइल फिनाइलअ‍ॅसिटेट आणि बेंझाइल प्रोपिओनेट. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला, “मॅडम, एस्टरच कशाला पाहिजे? ऑक्सिजन फिनाइलला लावला तर? आणि पलीकडे कीटोन?” म्हणजे १-फिनॉक्सीब्युटेन-२-ओन. ते फळ्यावर आल्याबरोबर कुणीतरी उलटंही काढलं, कार्बोनिल फिनाइलला आणि इथर पलीकडे, २-इथॉक्सीअ‍ॅसिटोफिनोन. चार झाले.

आणि चारही स्ट्रक्चर्सना ट्रिपलेट, क्वार्टेट, दोन प्रोटॉनचा सिंगलेट, पाच अ‍ॅरोमॅटिक प्रोटॉन! वर्ग खरंच गप्प झाला, कारण ज्या पॅटर्नवर त्यांनी टेस्टमध्ये उत्तर दिलं होतं तो पॅटर्न चौघांनाही लागू होता. मग प्रत्येक जोडीने चारही स्ट्रक्चर्सचे स्पेक्ट्रम हाताने काढले. क्वार्टेट आधी घ्या. कार्बोनिलच्या शेजारी असेल तर अडीचच्या आसपास, इथर ऑक्सिजनला असेल तर साडेतीन-पावणेचार, एस्टरच्या ऑक्सिजनला असेल तर ४.१. टेस्टमध्ये तो २.३७ ला आहे, म्हणजे इथाइल फिनाइलअ‍ॅसिटेट आणि इथॉक्सीअ‍ॅसिटोफिनोन एका झटक्यात बाद. राहिले दोन, बेंझाइल प्रोपिओनेट आणि फिनॉक्सीब्युटेनोन. दोघांचाही सिंगलेट ऑक्सिजनला जोडलेला, एक ५.१ आणि दुसरा साडेचारच्या आसपास, म्हणजे तिथे थोडी शंका घ्यायला जागा आहे.

इथे मुलं अडली. मॅडमनी काहीच सांगितलं नाही, नुसतं म्हणाल्या की पाच प्रोटॉनच्या मल्टिप्लेटकडे आजवर कुणीच बघितलेलं नाही. मग एका मुलीच्या लक्षात आलं की ऑक्सिजन थेट रिंगला असेल तर तो रिंगमध्ये इलेक्ट्रॉन ढकलतो, ऑर्थो (शेजारचे) आणि पॅरा (समोरचा) प्रोटॉन अपफिल्ड सरकून ६.९, ७.० ला येतात आणि पाच प्रोटॉन फुटून दिसतात. टेस्टमध्ये पाचही ७.३५ ला एकत्र होते. म्हणजे रिंगला ऑक्सिजन थेट नाही. आणि कार्बोनिल थेट असता तर ऑर्थोचे दोन ७.९ च्या पुढे गेले असते. ‘अ‍ॅरोमॅटिक, पाच प्रोटॉन’ एवढं लिहून सोडून द्यायच्या पीकमध्ये रिंगला काय चिकटलंय ते लिहिलेलं असतं, हे त्या दिवशी वर्गाने आपलं आपण शोधलं. मला ती दुपार फार आवडली.

तेव्हापासून उत्तरपत्रिकेत एक वेगळा रकाना आला, बाद यादी. कोणतं स्ट्रक्चर, कोणत्या पीकमुळे बाद. इंटर्नलला त्याला मार्क द्यायचे की नाही यावर परत चर्चा झाली. सर म्हणाले युनिव्हर्सिटी देत नाही. मॅडम म्हणाल्या इंटर्नल आपल्या हातात आहे, आणि ज्याला मार्क नाहीत ते मुलं करत नाहीत. शेवटी बाद यादीला निम्मे मार्क ठेवले.

मधे एक तास मॅडमनी माझ्याकडे दिला. मी १९५१ चा इथेनॉलचा स्पेक्ट्रम दाखवला, स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्माट्टी आणि पॅकार्ड यांनी घेतलेला. त्यात स्प्लिटिंग नाहीच, तेव्हाच्या मॅग्नेटला तेवढं वेगळं करता येत नव्हतं, नुसते तीन उंचवटे आणि त्यांचं क्षेत्रफळ एकास दोनास तीन. एन-प्लस-वन लावायला काही नाही, आता सांगा कोणता कुठला. जागा आणि क्षेत्रफळ एवढ्यावर मुलांनी बरोबर सांगितलं. यातले धर्माट्टी पुढे मुंबईत टीआयएफआरला आले आणि तिथे एनएमआरचा गट त्यांनी उभा केला, हे सांगितल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते. हा विषय आपल्याकडेही इतक्या आधीपासून आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

शेवटचा टप्पा प्रोजेक्टच्या खऱ्या स्पेक्ट्रमचा. पुस्तकातला स्पेक्ट्रम स्वच्छ असतो, खरा नसतो. एका मुलाने अ‍ॅनिसाल्डिहाइड आणि अ‍ॅसिटोफिनोनपासून चाल्कोन बनवलं होतं. त्याच्या पीडीएफमध्ये ३.८५ चा मिथॉक्सी होता, अ‍ॅरोमॅटिक भागात गर्दी होती, आणि शिवाय १.२६, २.०४, ४.१२ ला छोटे पीक. त्याने रिपोर्टच्या कच्च्या प्रतीत ‘एलिफॅटिक प्रोटॉन’ लिहून टाकलं होतं. चाल्कोनमध्ये मिथॉक्सी सोडून एलिफॅटिक आहे कोण? मॅडम म्हणाल्या, हे तीन आकडे तू पहिल्या तासाला बघितलेस. दोन मिनिटं गेली आणि मग तो एकदम म्हणाला, “कॉलमचं इथाइल अ‍ॅसिटेट!” बरोबर, कंपाउंड शुद्ध करायच्या कॉलमला वापरलेला सॉल्व्हंट नीट उडवला नव्हता. त्याच कागदावर ७.२६ चा क्लोरोफॉर्म आणि १.५६ च्या आसपासचं पाणी शोधून घेतलं. मग ७.८१ आणि ७.७७ च्या दोन रेघांमधलं अंतर ०.०४ पीपीएम, मशीन ४०० मेगाहर्ट्झचं, म्हणजे सुमारे १६ हर्ट्झ, म्हणजे डबल बाँड ट्रान्स (त्यावरचे दोन हायड्रोजन विरुद्ध बाजूंना). तीनशेच्या मशीनवर घेतला तर पीपीएममधलं अंतर वाढेल पण हर्ट्झ तेवढेच राहतील, हे मी थिअरीत दरवर्षी सांगतो, पण स्वतःच्या कंपाउंडवर गुणाकार केल्यावर ते जसं समजतं तसं माझ्या फळ्यावरून कधी समजलं नव्हतं.

एसडीबीएस वापरू दिलं ते फक्त शेवटी, उत्तर आणि बाद यादी लिहून झाल्यावर तपासायला.

काय झालं

पुढच्या टेस्टला सी९एच१०ओ२ दिलं. १.२६ ला ट्रिपलेट, २.५९ ला क्वार्टेट, आणि अ‍ॅरोमॅटिक पाच प्रोटॉन फुटलेले, ७.०८ ला दोन, ७.२२ ला एक, ७.३७ ला दोन. उत्तर फिनाइल प्रोपिओनेट. सापळा जुनाच होता, इथाइल बेंझोएट. अनेक पेपरांत इथाइल बेंझोएट लिहिलेलंही होतं, पण बाद यादीत, शेजारी ‘४.३ ला काही नाही, ८ ला काही नाही’. एका पेपरात तर ते आधी उत्तराच्या जागी लिहून नंतर खोडलेलं होतं. मॅडमना तो खोडलेला पेपर सगळ्यात चांगला वाटला आणि मलाही.

सगळं गोड झालं असं नाही. एका मुलाने ४-हायड्रॉक्सीप्रोपिओफिनोन काढलं, ७.२२ च्या एका प्रोटॉनला ओएच ठरवून. बाकीची चार स्ट्रक्चर्स त्याने नीट कारणं देऊन बाद केली होती. बाद यादीचे मार्क मिळाले, उत्तराचे नाही. कच्च्या मुलांना ही पद्धत संथ वाटली, दोघा-तिघांचा पेपर पूर्ण झाला नाही. आणि आधी ट्रिकवर पटापट सोडवणारी जी हुशार मुलं होती ती सुरुवातीला नाराजच होती, त्यांचा वेग कमी झाला होता.

युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत वनडीचा प्रॉब्लेम मुलांनी बऱ्यापैकी सोडवला असं त्यांच्याकडून कळलं. पण एचएमबीसीच्या प्रश्नावर बरीच मुलं अडकली, कारण तो भाग शेवटच्या काही तासांत उरकला होता. सरांची भीती खरी ठरली आणि मॅडमनी ते विभागाच्या मीटिंगमध्ये आडपडदा न ठेवता मान्य केलं. या प्रकरणातला सगळ्यात महाग पडलेला निर्णय तोच, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली हे लिहिलं नाही तर हे लेखन अर्धवट राहील.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरपर्यंत थांबायलाच नको होतं. सी४एच८ओ२ चे दोन कागद बीएस्सीच्या मुलालाही देता येतात, त्याला काहीही जास्तीचं लागत नाही. शॉर्टकट बसायच्या आधी दिले असते तर तो मोडायला एवढे तास गेले नसते आणि टूडी कापावं लागलं नसतं.

दुसरं, कार्बन एनएमआर फार उशिरा आणला. आमच्याकडे प्रोटॉन आधी आणि कार्बन नंतर अशीच पद्धत आहे, पण बाद करायला शिकवायचं असेल तर कार्बन सोपा पडतो. स्प्लिटिंगचा गोंधळ नाही, एक वेगळा कार्बन एक रेघ. टेस्टच्या त्याच चार आयसोमरमध्ये कार्बोनिल कार्बन बघितला तर एस्टरचे दोन्ही १७० ते १७५ मध्ये, फिनॉक्सीब्युटेनोनचा कीटोन दोनशेच्या वर, निम्मं काम तिथेच. मग राहिलेल्या दोन एस्टरपैकी बेंझाइल प्रोपिओनेटला ओ-सीएचटू ६६ ला, तर इथाइल फिनाइलअ‍ॅसिटेटला ६१ आणि शिवाय ४१ ची रेघ. डेप्ट-१३५ हा कार्बनचाच आणखी एक प्रयोग जोडला तर सीएचटू उलटे खाली दिसतात, ते ओळखायला तर तक्ताही लागत नाही. प्रोटॉनच्या तासांमध्येच याच्या दोन-तीन प्रिंट टाकल्या असत्या तर संथ मुलांना मोठा आधार झाला असता.

तिसरं, इंटिग्रेशनवर आम्ही कमी बोललो. ते गुणोत्तर आहे, प्रोटॉनची मोजणी नाही, हे डायइथाइल सक्सिनेटसारख्या एका कंपाउंडने समजलं असतं. सहा, चार, चार प्रोटॉन, पण कागदावर तीन, दोन, दोन. फॉर्म्युला बघितला नाही तर अर्धाच रेणू निघतो.

चौथं, ती एकेकाला बोलावून ‘कसं काढलंस ते सांग’ म्हणण्याची दुपार. ती टेस्ट बिघडल्यावर झाली. दरवर्षी पहिल्या महिन्यातच चार-पाच मुलांशी तसं बोललो असतो तर शॉर्टकट आधीच दिसला असता. पेपर तपासताना दिसतं ते उत्तर, त्यामागचा क्रम दिसत नाही. आणि ते बोलणं मराठीत झालं म्हणून खरं झालं, इंग्रजीत विचारलं की मुलं पुस्तकातली वाक्यं म्हणतात.

पाचवं प्रोजेक्ट गाइडबद्दल. बाकीचे गाइड सर मुलांना पीडीएफ आली की कुठला पीक कुठला ते स्वतः पेनने लिहून देतात, वेळ वाचावा म्हणून. मॅडमनी त्यांच्याशी आधी बोलून ठेवलं असतं तर सगळ्याच मुलांना स्वतःचा स्पेक्ट्रम कोरा मिळाला असता. तो चाल्कोनवाला मुलगा नशीबवान, त्याची पीडीएफ गाइडपर्यंत पोचायच्या आधी वर्गात आली.

पुढच्या बॅचसाठी ठरलंय ते असं. चार आयसोमरचा तास दुसऱ्या सेमिस्टरला जाईल, कार्बन आणि डेप्ट त्याच्यासोबतच, एचएमबीसीचे तास कुणी कापायचे नाहीत. बाद यादीला निम्मे मार्क ठेवायचे की तिसरा हिस्सा यावर सर आणि मॅडम यांचं अजून एकमत नाही, ते पहिल्या इंटर्नलच्या आधी ठरेल.